कॉलम कुठे आहे, ते डेटाबेसलाच विचारा

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. "डेटाबेस अनोळखी, टेबलं शेकडो, डॉक्युमेंटेशनचा पत्ता नाही, तरी हवा तो कॉलम तुम्हाला लगेच कसा सापडतो?" हे मला नव्याने कामाला लागलेली मंडळी नेहमी विचारतात. उत्तर ऐकून बऱ्याच जणांचा विरस होतो, कारण मी काही शोधतच नाही. डेटाबेसला विचारते.

रिलेशनल डेटाबेसमध्ये, म्हणजे डेटा टेबलांत ठेवणाऱ्या डेटाबेसमध्ये, टेबलांची माहितीसुद्धा टेबलांतच असते (यालाच कॅटलॉग म्हणतात) आणि डेटा वाचायच्या नेहमीच्या 'सिलेक्ट' कमांडने वाचता येते. रिलेशनल मॉडेलचे जनक एडगर कॉड यांनी १९८५ साली रिलेशनल म्हणवून घेण्यासाठी जे नियम मांडले, त्यातला चौथा हाच. पुढे १९९२च्या एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) स्टँडर्डमध्ये त्यासाठी 'इन्फर्मेशन स्कीमा' आली. पोस्टग्रेस, मायएसक्यूएल आणि एसक्यूएल सर्व्हर या तिन्ही डेटाबेसमध्ये ती आहे.

समजा, ऑर्डरचं स्टेटस कुठे ठेवतात ते हवंय. इन्फर्मेशन स्कीमातल्या 'कॉलम्स' या व्ह्यूवर (टेबलासारखाच वाचता येणारा तयार तक्ता) क्वेरी, म्हणजे प्रश्न, टाकायची: कॉलमच्या नावात 'स्टेटस' आलंय अशा सगळ्या ओळी दे, सोबत टेबलाचं नाव, डेटा टाइप, नल (रिकामी किंमत) चालतो का आणि डिफॉल्ट काय तेही दे. उत्तरात एका टेबलात स्टेटस व्हारचार (मजकूर), दुसऱ्यात स्मॉलइंट (छोटा पूर्णांक), तिसऱ्यात एकाच अक्षराचा 'कॅर' (char) असं निघालं, तर ही टेबलं वेगवेगळ्या हातांनी बनवली असावीत हे डेटाची एकही ओळ न बघता कळतं. आणि पुढे जॉइन, म्हणजे दोन टेबलं जोडणं, कुठे अडणार, तेही. मला हे वाचायला डेटापेक्षा जास्त आवडतं, खरं सांगायचं तर.

ओरॅकलमध्ये मात्र इन्फर्मेशन स्कीमा नाही. तिथे 'ऑल टॅब कॉलम्स' हा व्ह्यू बघायचा, आणि नाव कॅपिटलमध्ये शोधायचं. अवतरणचिन्हांशिवाय दिलेलं नाव ओरॅकल कॅपिटल करून ठेवतो, पोस्टग्रेस नेमका उलट, स्मॉल करून. स्मॉलमध्ये शोधून "टेबलच नाही" म्हणणारे मी पुष्कळ पाहिलेत. एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये 'प्राग्मा टेबल इन्फो' ही कमांड दिली की झालं.

पण खरी गोम वेगळीच आहे. रिकामं उत्तर आलं म्हणजे कॉलम नाही, असं समजू नका. पोस्टग्रेसची इन्फर्मेशन स्कीमा तुमच्या मालकीचं किंवा तुम्हाला परवानगी असलेलं तेवढंच दाखवते. बाकीच्याबद्दल चकार शब्द नाही, एररही नाही. या बाबतीत ओरॅकल सरळ वाटतो: 'यूझर' म्हणजे माझं, 'ऑल' म्हणजे मला दिसतं ते, 'डीबीए' म्हणजे सगळं. व्ह्यूच्या नावातच हद्द सांगितलेली. शिवाय पोस्टग्रेसचे मटेरियलाइज्ड व्ह्यू (ज्यांचं उत्तर साठवून ठेवलेलं असतं असे व्ह्यू) इन्फर्मेशन स्कीमात येतच नाहीत, कारण ते स्टँडर्डमध्ये नाहीत. त्यासाठी पोस्टग्रेसच्या स्वतःच्या 'पीजी कॅटलॉग'मध्येच उतरावं लागतं. तिथे काढून टाकलेल्या कॉलमांच्या नोंदीही भेटतात, तेव्हा त्या गाळायला विसरू नका.

मायएसक्यूएलमध्ये 'टेबल रोज'चा (table_rows, टेबलातल्या ओळींचा) आकडा रिपोर्टमध्ये चिकटवण्याचा मोह आवरा. इनोडीबी या स्टोरेज इंजिनच्या टेबलांसाठी तो निव्वळ अंदाज असतो. खऱ्या आकड्यापेक्षा ४० ते ५० टक्के इकडेतिकडे असू शकतो, असं त्यांच्या मॅन्युअलमध्येच म्हटलंय. नेमका आकडा हवा तर काउंट करा.

आणि स्टेटस शून्य म्हणजे 'रद्द' की 'नवीन', हे कॅटलॉग सांगत नाही. कुणी कॉलमवर कॉमेंट लिहून ठेवली असेल तरच. पोस्टग्रेस आणि ओरॅकलमध्ये 'कॉमेंट ऑन कॉलम' ही एका ओळीची कमांड आहे, पण ती वापरायचा कंटाळा सार्वत्रिक दिसतो.

सुरुवात कुठून करू, असंही विचारलं होतंत. पोस्टग्रेस असेल तर त्याचा कमांड-लाइन प्रोग्राम पीएसक्यूएल (psql) सुरू करताना हायफन आणि कॅपिटल ई द्या. मग टेबलांची माहिती दाखवणारी बॅकस्लॅश डी ही कमांड मारली की त्यामागे चालणाऱ्या कॅटलॉगच्या क्वेऱ्या जशाच्या तशा स्क्रीनवर येतात. त्यातली एक उचला आणि आपल्याला हवी तशी बदलत बसा.