तुम्ही विचारलंत म्हणून: स्ट्रेंग्थ की डेक्स?

नवा खेळाडू कॅरेक्टर शीट, म्हणजे आपल्या पात्राच्या माहितीचा कागद, पुढ्यात घेऊन बसला की नाव, क्लास (पात्राचा पेशा), शस्त्र सगळं पटापट ठरतं. पेन्सिल अडते एकाच जागी. ‘दादा, तलवारीनं लढायचंय, मग स्ट्रेंग्थ वाढवू की डेक्स्टेरिटी?’ म्हणजे ताकद की चपळाई, थोडक्यात ‘डेक्स’. बडोद्यात मी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या फासे टाकून पात्रं रंगवायच्या खेळाचे डाव चालवतो, त्यामुळे हा प्रश्न मला सारखा ऐकायला मिळतो. अगदी लग्नाच्या पंगतीतसुद्धा.

माझं उत्तर स्ट्रेंग्थ. ते ऐकून हिशेबी पोरं हसतात, आणि हिशेब त्यांच्याच बाजूनं आहे. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत रेपिअर या सडपातळ तलवारीसारखं ‘फिनेस’, म्हणजे चपळाईनंही चालवता येणारं, हत्यार हातात असलं, की वार लागला का हे ठरवताना डेक्स धरता येते आणि इजा मोजतानाही. शिवाय हलक्या चिलखतात तीच डेक्स आर्मर क्लास (वार लागायला गाठावा लागणारा आकडा) वाढवते, आधी हात कोणाचा ते ठरवते, फायरबॉलमधून (जादूच्या आगगोळ्यातून) वाचवते, दबक्या पावलांनी चालायलाही तीच लागते. तलवार टाकून धनुष्य उचललं तरी पुन्हा डेक्सच. स्ट्रेंग्थवाल्याच्या पदरात काय? ग्रेटस्वोर्ड या दोन हाती तलवारीचे सहा बाजूंचे दोन फासे, सरासरी ७. रेपिअरचा आठ बाजूंचा एक, सरासरी साडेचार. अडीचाचा फरक! प्लेट चिलखतानं आर्मर क्लास १८ होतो, पण त्याला सोन्याची १५०० नाणी मोजावी लागतात. डेक्स २० असलेला गडी साधं स्टडेड लेदर (चामड्याचं चिलखत) घालून १७ वर पोचतो. एका आकड्यासाठी अंगावर एवढं लोखंड कोण वागवणार?

पूर्वी असं नव्हतं. १९७८ च्या नियमपुस्तकात हातघाईला स्ट्रेंग्थ आणि नेमबाजीला डेक्स, अशी सरळ वाटणी होती. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत ‘वेपन फिनेस’ हे फीट (पात्राला मिळणारं खास कसब) घेतलं तर वार डेक्सनं करता यायचा, पण इजा स्ट्रेंग्थनंच मोजायची. ‘गर्प्स’ हा दुसरा खेळ १९८६ पासून साधारण हेच करतो: हत्यार चालवण्याचं कसब चपळाईवर, घावाचा जोर ताकदीवर. मला तीच वाटणी पटते. तरी माझ्या टेबलावर मी नियम बदलत नाही. नव्या माणसानं पुस्तकात एक वाचायचं आणि खेळताना दुसरंच करायचं, हा ताप नको.

‘पण ताकदीनं वार जास्त अचूक कसा लागेल?’ हा पुढचा प्रश्न ठरलेला. आर्मर क्लास म्हणजे फक्त चुकवणं नव्हे. चिलखतावरून घसरलेला वारही तिथं ‘लागला नाही’ यातच जमा होतो. तो आत घुसवायला जोर लागतोच.

आणि बलवान म्हणजे मंद, हे बडोद्यात राहून मानायचं कसं? जुम्मादादांच्या, पुढे प्रोफेसर माणिकरावांच्या आखाड्याचं हे गाव. मल्लखांबावर अढी मारून डोळ्याचं पातं लवायच्या आत उलटा होणारा मुलगा चपळ की बलवान? मला तर ते दोन रकाने वेगळे काढताच येत नाहीत. मागे एकानं दांडपट्टा मागितला, तेव्हा टेबलावर वाद पेटला. पातं लवचीक, म्हणजे फिनेस, असं त्याचं म्हणणं. पण पट्ट्याची मूठ लोखंडी, हात कोपरापर्यंत आत; मनगट वळतच नाही. सगळा फेर खांद्यातून आणि कमरेतून येतो. मी स्ट्रेंग्थ दिली. तो अजून कुरकुरतो.

तरी माझ्या उत्तराचं खरं कारण वेगळंच आहे. डेक्सचा तोरा टिकतो तो डीएम, म्हणजे डाव चालवणारा, आळशी असला तर. सगळ्या लढाया सपाट फरशीवर लावल्या, तर स्ट्रेंग्थची बाकीची कामं निघणारच नाहीत. माझ्याकडे खंदक असतात. धावत येऊन लांब उडी मारायची तर जितकी स्ट्रेंग्थ तितके फूट. बारा फुटांच्या खंदकावर स्ट्रेंग्थ आठवाला चपळ वीर काठावरच उभा राहतो. ओझं स्ट्रेंग्थच्या पंधरापट पौंड. आठवाल्याला १२०, आणि त्यात स्वतःचं सामानही आलं. बेशुद्ध सोबत्याला तो खांद्यावर टाकणार कसा? शत्रूला धरून ठेवायचं किंवा ढकलायचं, तर २०१४ च्या नियमांत अ‍ॅथलेटिक्स हे कौशल्य हवं आणि तेही स्ट्रेंग्थवर. ढकलणं जेमतेम पाच फूट, पण कड्याच्या टोकाशी पाच फूट पुष्कळ झाले.

चोरट्या ‘रोग’ (Rogue) क्लासचा गडी असेल किंवा मंक (लढवय्या भिक्षू), तर बिनधास्त डेक्स घ्या, माझं ऐकू नका. बार्बेरियनला (रानटी योद्ध्याला) तो प्रश्नच नाही. त्याच्या रेजमधली (संतापाच्या आवेशातली) जादा इजा फक्त स्ट्रेंग्थच्या वारालाच मिळते. फायटर (साधा लढवय्या) असाल तर स्ट्रेंग्थ १६, कॉन्स्टिट्यूशन (तग धरण्याची ताकद) १४ ठेवा आणि डेक्स खुशाल १० वर सोडा. सुरुवातीच्या सामानात चेन मेल (कड्यांचं चिलखत) निवडा. त्याचा आर्मर क्लास थेट १६, आणि तिथं डेक्सला कोणी विचारत नाही.