विजयनगर: आधी धावपट्टी, मग रस्ता

हंपीचं नव्हे, अरुणाचलमधलं विजयनगर. चांगलांग जिल्ह्याचा हा पूर्वेकडचा कोपरा तीन बाजूंनी म्यानमारने वेढलेला आहे आणि चौथ्या बाजूला नामदफा राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे. मियाओ हे त्यातल्या त्यात जवळचं मोठं गाव, तेही 157 किलोमीटरवर. तिथपर्यंत लोक वाघ आणि हुलॉक गिबन (बिनशेपटीचं वानर) बघायला येतात. आम्ही पुढे गेलो ते धावपट्टीसाठी.

1961 मध्ये मेजर जनरल ए. एस. गुराया यांच्या नेतृत्वाखाली आसाम रायफल्स या निमलष्करी दलाची मोहीम या खोऱ्यात पोचली. लिसू (सरकारदरबारी योबिन) लोक इथे आधीपासूनच राहत होते आणि जागेला दावोदी म्हणत होते. गुरायांनी आपल्या मुलाच्या, विजयच्या नावावरून तिला विजयनगर केलं. सीमेवर चौकी तर बसली, पण तिला धान्य कोण पोचवणार? जंगलातून पायी यायचं तर कित्येक दिवस, आणि पावसाळ्यात नद्या ओलांडणंच अशक्य. म्हणून दरीतली सपाट जागा धावपट्टीसाठी धरली. पुढे आसाम रायफल्सच्या निवृत्त जवानांची, मुख्यतः गोरखा, सुमारे दोनशे कुटुंबं सरकारने इथे वसवली. सीमेलगत आपली वस्ती असावी, हा त्यामागचा हिशोब. आपल्याकडे गाव आधी असतं आणि एसटी नंतर येते. या वसाहतीचं उलटं झालं.

मियाओहून रस्ता सत्तरच्या दशकात काढला, पण दरडी आणि पुरांनी तो खाऊन टाकला. मग कित्येक वर्षं पाठीवर ओझं घेऊन चालणं किंवा हवाई वाहतूक, एवढंच हाती उरलं. मीठ-साखरेचा भाव किलोला शंभराच्या वर गेल्याच्या बातम्या आपण वाचल्या असतील. त्या याच गावच्या. धावपट्टीही मधली काही वर्षं विमानांसाठी बंदच होती. दुरुस्तीनंतर 18 सप्टेंबर 2019 रोजी इथे एएन-32 उतरलं. त्यात लष्कराच्या पूर्व कमांडचे तेव्हाचे प्रमुख लेफ्टनंट जनरल अनिल चौहान, म्हणजे नंतरचे सीडीएस (तिन्ही दलांचे संरक्षणप्रमुख), आणि हवाई दलाच्या पूर्व विभागाचे एअर मार्शल आर. डी. माथुर होते.

आम्ही हिवाळ्यात, पुन्हा गाडी जाऊ लागलेला रस्ता कोरडा असताना गेलो. दिब्रुगढ, मार्गेरिटा, जागुन, मियाओ हा प्रवास सोपा आहे. पुढे देबानला नोआ-दिहिंग नदीच्या काठी वनखात्याचं विश्रामगृह आहे, तिथे मुक्काम जरूर करा. पुढे मात्र फोर-बाय-फोर गाडी आणि स्थानिक चालक याला पर्याय नाही. रस्ता कुठे ओढ्याच्या पात्रातून, कुठे दरडीच्या मातीवरून जातो. याच खोऱ्यात जून 1942 मध्ये, जपानी सैन्यापुढून ब्रह्मदेशातून पळालेले लोक चौकन खिंड ओलांडून आले आणि फुगलेल्या दफा नदीपाशी अडकले. जाइल्स मॅक्रेल या चहामळेवाल्या माणसाने हत्ती पाण्यात घालून त्यांना पलीकडे आणलं. दफा हिवाळ्यातही बघून घ्या, म्हणजे तो पराक्रम किती मोठा ते कळेल.

गांधीग्राम हे वाटेतलं लिसू गाव. तिथे राहायचं तर मियाओमधूनच ओळख काढून ठेवा. अचानक दारात जाऊन उभं राहू नये.

विजयनगरला धावपट्टी सैनिकी ठाण्याजवळ आहे. तिचे, विमानांचे, चौकीचे फोटो काढू नका. ड्रोन तर घरीच ठेवा. आसाम रायफल्सचे जवान ओळखपत्र विचारतात, दोन प्रती जवळ ठेवा. बोलायला हिंदी पुरते, नेपाळी येत असेल तर चहा नक्की.

आता थोडं स्पष्ट. विजयनगरला येणाऱ्या हेलिकॉप्टरच्या आसनासाठी खटपट करणारे पर्यटक मला पटत नाहीत. त्या जागा आजारी माणसं, परीक्षेला निघालेली मुलं आणि बाळंतपणासाठी खाली जाणाऱ्या बायका यांच्यासाठी सोडाव्यात. हवामान बिघडलं की उड्डाण रद्द होतं आणि वाट पाहणाऱ्यांची रांग वाढते. त्यात आपण कशाला?

इनर लाइन परमिट, म्हणजे बाहेरच्यांना अरुणाचलमध्ये शिरायला लागणारा परवाना, ऑनलाइन काढता येतं. त्यात चांगलांग जिल्हा नमूद करायला विसरू नका. नामदफातून जाण्याची परवानगी मियाओच्या वन कार्यालयातून घ्या. रोख रक्कम भरपूर, औषधं स्वतःची, आणि फोनवर विसंबू नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. पावसात जळवा आणि दरडी दोन्ही असतात. डिसेंबरमध्ये सव्वाचारच्या सुमाराला सूर्य मावळतो, म्हणून पहाटेच निघायचं. परतीला किमान दोन दिवस मोकळे ठेवा आणि दिब्रुगढचं विमान त्यानंतरचं घ्या. एक पाऊस पडला तरी रस्ता आठवडाभर अडकू शकतो, तेव्हा निघण्याआधी मियाओमधल्या चालकांकडून ताजी खबर घ्या. नकाशावरच्या रेषेपेक्षा त्यांचं म्हणणं खरं असतं.