टेक्सासमध्ये दुकान घेताना पॅराफर्नेलियाचं लफडं : माझा अनुभव

डॅलसच्या बाजूच्या एका गावात मी आणि माझ्या मेहुण्याने पार्टनरशिपमध्ये कन्व्हिनिअन्स स्टोअर घेतलं. लीज, सिगरेटचं परमिट, बिअरचं लायसन्स हे सगळ्यांनाच करावं लागतं, त्यावर सांगणारे ढीगभर आहेत, ते सोडतो. ज्याबद्दल आम्हाला कोणी चकार शब्द सांगितला नव्हता ते लिहितो, काउंटरवरचा काचेचा माल, म्हणजे ज्याला इथला कायदा पॅराफर्नेलिया म्हणतो ती ड्रग घ्यायची साधनं.

इन्व्हेंटरी मोजायला बाहेरची माणसं आलेली, मी त्यांच्या मागे यादी घेऊन फिरत होतो. रजिस्टरच्या शेजारी एक डबा, त्यात बोटाएवढ्या काचेच्या नळ्या, आत कागदाचं चिमुकलं गुलाबाचं फूल आणि टोकाला बूच. व्हॅलेंटाइनचं गिफ्ट म्हणे. त्याला चिकटूनच भांडी घासायच्या तांब्याच्या घासण्या, त्या पण सुट्या, एकेक. खाली खिशात मावेल असा डिजिटल काटा आणि नखाएवढ्या झिपच्या पिशव्या. आता भांड्याची घासणी साबणाजवळ सोडून इथे काय करतेय? तर गिऱ्हाईक फूल फेकतं, घासणीचा तुकडा तोडून नळीत जाळी म्हणून कोंबतं आणि त्यातून क्रॅक, म्हणजे ओढायचं कोकेन, ओढतं. हे इथे पोलिसापासून शाळेतल्या पोरापर्यंत सगळ्यांना माहितीये.

दुकान विकणारे काका गुजराती, माणूस चांगला, ते हसून म्हणाले, "अरे बेटा, सब रखते हैं, मार्जिन देखो." मार्जिन खरंच तगडं होतं. मेहुणा पण म्हणाला, "दाजी, काकांनी इतकी वर्षं विकलं, त्यांना काय झालं?"

मला काही ते पटेना म्हणून यादी आमच्या वकीलबाईंना पाठवली. त्यांनी फोनवर फार न बोलता टेक्सास हेल्थ अँड सेफ्टी कोडचं कलम पाठवलं, ४८१.००२, आणि म्हणाल्या आधी हे वाचा मग बोलू. मी रात्री वाचत बसलो. यादी मोठी आहे, काटा, ब्लेंडर, वाडगा, चमचा, फुगा, पाकीट, सिरिंज, पाइप, बाँग, अगदी आपली चिलीमसुद्धा नावानिशी आहे, फेडरल कायद्याच्या यादीतही आहे. म्हणजे अर्धं किचन त्यात बसतं. पण सगळा खेळ वरच्या ओळीत आहे, वस्तू ड्रगसाठी वापरलेली किंवा वापरायच्या इराद्याची असेल तरच ती पॅराफर्नेलिया.

मग इरादा ठरवायचा कसा? त्याला वेगळं कलम आहे, ४८१.१८३. वस्तूला ड्रग चिकटलंय का, मालक तिच्याबद्दल काय बोलला, सोबत काही सूचना दिल्यात का, तिचा दुसरा सरळ उपयोग काय, एकूण विक्रीत तिचा वाटा किती, तुम्ही तंबाखूचे रीतसर लायसन्सवाले व्यापारी आहात का, आणि माल कसा मांडलाय. हे मांडणीचं वाचलं आणि मला तो काउंटर दिसला. तीच घासणी साबणाच्या रॅकवर असली तर घासणी, गुलाबाच्या नळीशेजारी सुटी ठेवली की पुरावा. काकांनी चारही वस्तू हाताच्या अंतरावर लावून ठेवलेल्या, सरकारी वकिलाला वेगळं काही शोधायलाच नको!

ही भाषा अमेरिकेत जिथे तिथे सारखीच का, तर १९७९ मध्ये डीईएने, म्हणजे केंद्राच्या ड्रगविरोधी खात्याने, एक नमुना कायदा तयार केला आणि बहुतेक राज्यांनी तो थोड्याफार फरकाने उचलला. त्याआधी गावं आपापले नियम करायची. शिकागोजवळच्या हॉफमन इस्टेट्सने १९७८ ला असला माल विकायला लायसन्स लावलं, फी १५० डॉलर आणि वर घेणाऱ्याचं नाव-पत्ता लिहून ठेवायचा, म्हणजे कोण घेणार! तिथला एक दुकानदार थेट सुप्रीम कोर्टात गेला आणि १९८२ मध्ये हरला.

वकीलबाईंना मी विचारलं की "फक्त तंबाखूसाठी" अशी पाटी लावली तर? त्या म्हणाल्या खुशाल लावा, पण त्यावर विसंबू नका. आयोवातल्या एका दुकानाच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने १९९४ लाच सांगून ठेवलंय की फेडरल कायद्यात दुकानदाराच्या मनात काय होतं यापेक्षा वस्तू मुळात कशासाठी आहे हे बघायचं. शिक्षेचं म्हणाल तर टेक्सासात नुसती जवळ सापडली तर ५०० डॉलरपर्यंत दंड, पण विकली किंवा विकायला ठेवली तर क्लास ए, म्हणजे एक वर्षापर्यंत जेल आणि ४,००० पर्यंत दंड. दुकानदार कायम दुसऱ्या खणात.

मेहुणा खरा हादरला तो ग्रीन कार्डच्या मुद्द्यावर, कारण आम्ही दोघं अजून सिटिझन नाही. वकीलबाईंनी मेलूली नावाच्या ट्युनिशियन माणसाची केस सांगितली, कॅन्ससमध्ये पकडला गेला, मोज्यात चार गोळ्या सापडल्या, आणि गुन्हा लागला पॅराफर्नेलियाचा, पॅराफर्नेलिया कुठलं तर तो मोजा! त्यावरून त्याला देशाबाहेर काढलं. २०१५ ला सुप्रीम कोर्टाने ते चूक ठरवलं, पण तोपर्यंत तीन वर्षं त्याची बाहेरच गेली. हे ऐकल्यावर मार्जिनचं नाव कोणी काढलं नाही.

गावाचा स्वतःचा ऑर्डिनन्स, म्हणजे गावापुरता नियम, आहे का हेही बघावं लागतं. के-टूचं, म्हणजे नकली गांजाचं, पेव फुटलं तेव्हा, २०१० च्या सुमाराला, इकडच्या ॲलन, प्लेनो वगैरे गावांनी आपापले नियम केले, आमच्याही गावाचा निघाला आणि त्यात माल आणि ओढायची साधनं दोन्ही होती. सिटीत फोन केला तर तिथली बाई गोड आवाजात म्हणते आम्ही कायद्याचा सल्ला देत नाही, वेबसाइटवर आहे ते वाचा. बरं.

शेवटी असं केलं की खरेदीच्या करारात वगळलेल्या मालाची वेगळी यादी जोडली, नळ्या, काटे, छोट्या पिशव्या, काचेचे पाइप, आणि क्लोजिंगच्या, म्हणजे दुकान आमच्या नावावर व्हायच्या, आधी तो माल काकांनीच उचलायचा अशी अट घातली. दुकानाला आधी कधी नोटीस किंवा सायटेशन आलंय का तेही लेखी घेतलं. किंमत तेवढी कमी केली. काका जरा फुगले, दोन दिवस फोन उचलला नाही, मग सही केली. रोलिंग पेपर ठेवले, पण तंबाखूसोबत काउंटरच्या मागे. घासण्या साबणाच्या रॅकवर, पाकिटासकट.

एक गोष्ट मात्र मला अजून खटकते. टेक्सासच्या व्याख्येत ड्रग तपासायचं साधनही येतं, म्हणजे ड्रगमध्ये फेंटानिल हे जीवघेणं रसायन मिसळलंय का ते ओळखायच्या पट्ट्याही पॅराफर्नेलियाच. त्या वगळायचं बिल २०२३ मध्ये टेक्सासच्या हाउसमध्ये पास झालं आणि सिनेटमध्ये अडकलं. पोरं मरतात त्याने, आणि पट्टी बेकायदा. असो.

दुकान सुरू झाल्यावर होलसेलरचा सेल्समन आला, बॅगेतून पेन काढलं, रिफिलच्या जागी काचेची नळी. बिलावर नॉव्हेल्टी पेन लिहून देतो म्हणाला. मेहुण्याने त्याला बिकचा डबा दाखवला, म्हणाला, "आमच्याकडे लिहायची पेनं आहेत, भरपूर."