एडक्यांच्या वाड्याखालचा आवाज

पोलंडमधल्या क्राकूफच्या मुख्य चौकात पोचले तेव्हा पाऊस भुरभुरत होता. २७ नंबरचा वाडा एडक्यांच्या, म्हणजे नर मेंढ्यांच्या, नावाचा; त्याच्या पोटातलं तळघर म्हणजे ‘पिवनित्सा पोद बारानामी’. १९५६ साली प्योत्र स्क्शिनेत्स्की आणि त्याच्या मित्रांनी इथे कॅबरे सुरू केलं, म्हणजे गाणी, कविता आणि विनोदांचा छोटा रंगमंच. पायऱ्या उतरले. विटांच्या ठेंगण्या कमानी, ओलसर गारवा. पोलिश गायिका एवा देमार्चिक इथे गायची!

जुन्या चित्रफितींत ती काळ्या पोशाखात जवळजवळ निश्चल उभी असते. हातवारे नाहीत, हसू नाही. सगळं काही डोळ्यांत आणि शब्दांत. मीरोन ब्याओशेव्स्कीची फिरत्या पाळण्यावरची कविता तिने १९६३ साली ओपोलेच्या महोत्सवात गायली. शब्द गरगरत जातात, झिग्मुंत कोन्येच्नीची चाल त्यांना आणखी रेटते, तरी एकही व्यंजन तिच्या तोंडून घरंगळत नाही. मला पोलिश येत नाही. तरीही भोवळ येते.

मला वाटतं, तिचं मोठेपण इथेच आहे. चाल कवितेला साखर लावत नाही. आपण भावगीतांवर वाढलेली माणसं. गोडव्यात कविता विरघळली तरी आपल्याला चालतं. इथे ती विरघळत नाही, टोचत राहते. १९६७च्या तबकडीत क्शिश्तोफ कामील बाचिन्स्कीच्या पावसावरच्या ओळी आहेत. हा कवी नाझींविरुद्धच्या वॉर्साच्या उठावात ४ ऑगस्ट १९४४ला मारला गेला, वय अवघं २३. बाहेर येऊन, छत्री न उघडता, मी ते गाणं पुन्हा ऐकलं. रडले.

त्याच तबकडीत युल्यान तुविमची एक कविता आहे: दुरावलेल्या दोघांतला एकजण म्हणतो, एका दिवसासाठी तोमाशुफला जाऊया का? एवढंच मागणं, पण ती ते गाव जवळजवळ कुजबुजत उच्चारते.

दुसऱ्या दिवशी ट्रामने राकोवित्स्की दफनभूमीत गेले. २०२०च्या ऑगस्टमध्ये एवा गेली. ती इथेच आहे. फाटकाबाहेर काचेचा दिवा विकत घेतला. वाऱ्यात काडी पेटेना, तेव्हा शेजारच्या आजींनी ओंजळ धरली. दिवा लागल्यावर त्या स्वतःशीच काहीतरी पुटपुटल्या. मला एकच शब्द ओळखू आला. तोमाशुफ.