तुम्ही विचारलेत म्हणून : टपावरचा डबा

सीएनजी भरताना गाडीतल्या सर्वांना खाली उतरावे लागते आणि रांगेत शेजारी उभ्या असलेल्या माणसाला तेवढ्या वेळात दुसरे काही काम नसते. त्यामुळे माझ्या गाडीच्या टपावर सामानासाठी बसवलेल्या काळ्या, लांबट डब्याविषयीचे सर्वाधिक प्रश्न मला पंपावरच विचारले गेले आहेत. ‘वर होडी ठेवली आहे का?’ असे विचारणारे दोघेतिघे भेटले. बाकीच्यांचा प्रश्न मात्र ठरलेला असतो : ‘याचा खरोखर उपयोग होतो का, आणि आम्हीही बसवून घ्यावे का?’ हाच प्रश्न सोसायटीत, कार्यालयात आणि उन्हाळ्याच्या सुट्टीच्या तोंडावर नातेवाइकांच्या फोनवरही येतो. पंपावर जे उत्तर अर्धवट राहते, ते येथे पूर्ण करतो.

उपयोग होतो, पण तो कशासाठी होतो, हे समजायला मला दोन वर्षे आणि एक चुकीची खरेदी लागली. आमची गाडी लहान हॅचबॅक आहे आणि तिच्या डिकीत सीएनजीची सुमारे ६० लिटरची टाकी आडवी बसलेली आहे. अलीकडे काही कंपन्या एका मोठ्या टाकीऐवजी दोन लहान टाक्या डिकीच्या तळाशी बसवू लागल्या आहेत, परंतु आमची गाडी त्याआधीची. टाकीच्या पुढे एक बॅग आणि दोन पिशव्या बसल्या की डिकी संपते. चार माणसांनी लॉजवर उतरायचे असेल, तर तेवढ्यात भागते. आम्हाला मात्र तंबू घेऊन जाण्याची हौस आहे, आणि तंबू, स्लीपिंग बॅगा, फोमच्या चटया हे सगळे सामान हलके असूनही बेसुमार जागा खाते. पहिल्या दोन सहलींत आम्ही ते मागच्या सीटवर, मुलांच्या मांडीपर्यंत कोंबले होते. त्यामुळे आरशातून मागचे काही दिसत नव्हते, आणि कुंभार्ली घाटात एका वळणावर जोरात ब्रेक दाबावा लागला तेव्हा मागून सुटलेला स्टोव्ह पत्नीच्या खांद्याला लागला. सामान टपावर नेण्याचा विचार त्या दिवशी पक्का झाला.

माझ्या डोक्यात कॅरिअरची जी प्रतिमा होती, ती वडिलांच्या प्रीमियर पद्मिनीवरची. त्या काळच्या गाड्यांच्या टपाला दोन्ही बाजूंनी पावसाचे पाणी वाहून नेणारी पत्र्याची पन्हळ असे. कॅरिअरचे पाय त्या पन्हळीत अडकवून स्क्रू आवळले की काम झाले. होल्डॉल, ट्रंक, परतीच्या वाटेवर नारळांचे पोते, आणि या सर्वांवरून काथ्याचा दोरखंड. आजच्या गाड्यांना तशी उघडी पन्हळ नसते, आणि हा बदल ध्यानात न घेतल्याने अनेकांची फसगत होते. टपावर दोन बाजूंना चंदेरी किंवा काळ्या रेल दिसल्या की त्या कॅरिअरसाठीच आहेत असे आपण धरून चालतो. परंतु आपल्याकडच्या कितीतरी गाड्यांवर त्या केवळ शोभेच्या असतात, प्लॅस्टिकच्या आणि वरून चिकटवलेल्या. वजन पेलण्याशी त्यांचा काहीही संबंध नसतो. म्हणून विचारणाऱ्याला मी प्रथम गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका उघडायला सांगतो. रेल भार घेणाऱ्या आहेत की नाहीत आणि टपावर किती किलो चालते, याचा शब्द विक्रेत्याचा धरू नये, पुस्तिकेचा धरावा. आमच्या गाडीला रेल नाहीतच. ज्यांवर कॅरिअर किंवा डबा बसतो त्या आडव्या दांड्या दाराच्या चौकटीला पकडणाऱ्या क्लॅम्पवर बसतात, आणि ते क्लॅम्प त्या त्या गाडीच्या मापाचेच घ्यावे लागतात.

पुस्तिका न उघडता मी जी खरेदी केली, ती एका वेल्डिंगच्या दुकानातून करून घेतलेल्या लोखंडी जाळीच्या कॅरिअरची. दिसायला ते भक्कम होते आणि स्वस्तही पडले. त्याचे वजन किती, हे विचारण्याचे मला सुचले नाही. ते कळले थेट दीड वर्षाने, जेव्हा भंगारवाल्याने ते काट्यावर ठेवले आणि २७ किलो भरले. आमच्या गाडीच्या टपाची मर्यादा ५० किलो आहे, आणि ही मर्यादा चालत्या गाडीची असून तिच्यात कॅरिअरचे स्वतःचे वजनही धरायचे असते. म्हणजे एक पिशवीही चढवण्याआधी अर्ध्याहून अधिक मर्यादा मी लोखंडावर उधळत होतो.

आताचा डबा १८ किलोंचा आहे आणि दांड्या, क्लॅम्प मिळून ६ किलो होतात. चौघांचा तंबू ६ किलो, चार स्लीपिंग बॅगा ६, चटया २, ताडपत्री ३ आणि घडीच्या चार खुर्च्या १२ किलो. स्वयंपाकघरातल्या काट्यावर आणि जिथे तो पुरला नाही तिथे सामान हातात घेऊन न्हाणीघरातल्या वजनयंत्रावर उभे राहून मी ही बेरीज केली, तेव्हा ती ५३ झाली. तीन किलोंनी काय होते, असे वाटणे साहजिक आहे. पण ही मर्यादा सपाट रस्त्यावर संथ चालण्यासाठी नसून अचानक ब्रेक लागला किंवा गाडी झटकन वळवावी लागली, तर क्लॅम्पवर आणि टपाच्या पत्र्यावर जो झटका येईल, त्याचा विचार करून घातलेली असते. खुर्च्या खाली आल्या, बेरीज ४१ वर थांबली. कोकणात बसायला जांभ्याच्या पायऱ्या पुष्कळ आहेत.

यावरून जो नियम मी स्वतःला घालून घेतला, तो असा की टपावर आकार चढवावा, वजन चढवू नये. पाण्याचा कॅन, स्टोव्ह, भांडी, तांदूळ हे जड सामान डिकीत किंवा सीटखाली, जितके खाली तितके चांगले. टपावरचे प्रत्येक किलो गाडीचा गुरुत्वमध्य वर नेते, आणि घाटाच्या वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला कलते तेव्हा ते जाणवते. साताऱ्याच्या वर चाळकेवाडीच्या पठारावर, जिथे पवनचक्क्या वाऱ्यासाठीच उभ्या केल्या आहेत, तिथे बाजूने येणारा वारा डब्याला ढकलतो आणि स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरावे लागते.

नियम एकदा मोडला, तो आंब्यांसाठी. गुहागरहून परतताना पाच डझनांची हापूसची पेटी गाडीत कुठेच मावेना, म्हणून ती डब्यात ठेवली. वजनाचा गुन्हा होताच. शिवाय मे महिन्याच्या उन्हात बंद, काळा डबा म्हणजे भट्टी, हे लक्षात आले नाही. पुण्याला पोहोचून पेटी उघडली तेव्हा वरच्या थरातले आंबे हाताला चटका लागावा इतके तापलेले होते, आणि दोन दिवसांत निम्मी पेटी लिबलिबीत झाली. आता पेटी मुलांच्या पायांमध्ये प्रवास करते आणि मुले तक्रार करत नाहीत. गॅसचे डबे, औषधे, मोबाइलच्या पॉवर बँक हेही त्याच कारणाने वर जात नाहीत.

‘ॲव्हरेज किती पडते?’ हा पुढचा प्रश्न. पडते, आणि किती पडते हे बहुतांशी तुमच्या उजव्या पायावर अवलंबून असते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० किलोमीटरवरून १०० वर गेलात की तो दीडपटीहून अधिक होतो, आणि टपावर डबा असला की त्या विरोधाला भिडणारा पृष्ठभागही वाढलेला असतो. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने दिलेल्या आकड्यांनुसार टपावरच्या मोठ्या डब्यामुळे इंधनाची कार्यक्षमता शहरात २ ते ८ टक्क्यांनी, महामार्गावर ६ ते १७ टक्क्यांनी आणि ताशी १०५ ते १२० किलोमीटरच्या वेगाला १० ते २५ टक्क्यांनी घटते. आमच्या गाडीला रिकाम्या टपाने किलोमागे २६ किलोमीटर मिळतात. डबा चढवून द्रुतगती मार्गावर १०० ने गेल्यास ते २२ वर येतात, ८० ने गेल्यास २४ च्या आसपास राहतात आणि घाटात फरक कळतही नाही. सामान काढल्यावरही डबा वर ठेवून रोज कार्यालयात जाणाऱ्यांचे मला आश्चर्य वाटते. ते वर्षभर रिकाम्या डब्याचे भाडे भरत असतात.

लहानसहान त्रास मी भोगून झालो आहे, तेव्हा तुम्ही ते टाळावेत. जाळीच्या कॅरिअरवर सपाट पट्टे ताणून बांधले, तर वेग वाढताच ते भुंग्यासारखे घुमू लागतात. पट्ट्याला मध्ये एक पीळ दिला की आवाज बंद होतो. क्लॅम्पच्या रबराखाली धूळ राहिली, तर ती रंगाला पॉलिशपेपरसारखी घासते, म्हणून बसवण्याआधी टप पुसावा. निघाल्यावर पहिल्या ४०-५० किलोमीटरनंतर थांबून सर्व नट पुन्हा आवळावेत, कारण ते थोडे बसतात आणि सैल होतात. डबा इतका मागे सरकवू नये की डिकीचे दार त्याला आपटेल. आणि डब्यासकट गाडीची उंची मोजून ती डॅशबोर्डवर चिकटवून ठेवावी. मी ती न चिकटवता एका मॉलच्या तळघरात शिरलो होतो. तुळईने डब्याच्या झाकणावर ओढलेली रेघ अजून आहे.

कापडी बॅग की कडक डबा, याचे उत्तर सोपे आहे. वर्षातून एकदाच जाणार असाल, तर जाड ताडपत्रीसारख्या कापडाची बॅग पुरते. ती घडी करून माळ्यावर जाते. मात्र पावसात, विशेषतः वेगाने जाताना, पाणी चेनमधून आत शिरते, म्हणून आतले सामान प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधावे. टपाला भोके पाडून किंवा वेल्डिंग करून कायमचे बसवलेले कॅरिअर मी कोणालाच सुचवत नाही. पाणी गळते हे एक, आणि मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ रचनेशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत, हे दुसरे. टपावर उघडणाऱ्या तंबूविषयीही विचारणा होते. गाडी उभी असताना टप चालत्या मर्यादेपेक्षा बरेच अधिक वजन पेलतो, म्हणून त्यात माणसे झोपू शकतात हे खरे. परंतु तो तंबू तिथवर न्यायचा चालत्या गाडीवरूनच असतो आणि बहुतेक तंबू ५० किलोंहून जड असतात. हॅचबॅकवाल्यांनी जमिनीवर झोपावे, फक्त नारळाच्या झाडाखाली नको.

तेव्हा बसवून घ्यावे का? तुम्ही तिघेच असाल, डिकी मोकळी असेल आणि मुक्काम लॉजवर असेल, तर नको. त्या पैशांत दोन सहली होतील. चार-पाच माणसे, टाकीने भरलेली डिकी आणि तंबूची हौस या तिन्ही गोष्टी एकत्र असतील, तर घ्यावे, आणि घेण्याआधी एकदा वापरून पाहावे. माझा डबा वर्षातले अकरा महिने पार्किंगच्या छताला दोरीने टांगलेला असतो, तो न्यायला हरकत नाही. दांड्या मात्र तुमच्या गाडीच्या मापाच्या तुम्हीच आणाव्यात. न्यायला दोघे या, कारण तो एकट्याला उतरवता येत नाही, आणि परत आणताना आतली वाळू झटकून आणा.