पहिलं पुस्तक स्वतः काढताना पैसा आधी कुठे घालायचा

पुस्तक स्वतः काढायचं ठरलं की बहुतेक नवे लेखक आधी छापखान्याचं कोटेशन आणतात. माझं म्हणणं, कोटेशन शेवटी आणा. हजार प्रतींचा प्रतीमागचा दर पाचशेपेक्षा बराच कमी पडतो, तो आकडा बघून माणूस हजार छापून मोकळा होतो. मग घरात गठ्ठे साचतात, आणि संपादन-मुद्रितशोधनाला हात आखडता घेतल्यामुळे पुस्तकात पानोपानी चुका राहतात. पैसा आधी मजकुरावर घाला, मग अक्षरजुळणीवर, म्हणजे संगणकावर पानं मांडण्यावर. छपाई त्यानंतर, आणि प्रतींची संख्या विक्रीची ठिकाणं मोजून ठरवा.

संपादन आणि मुद्रितशोधन ही दोन वेगळी कामं आहेत, आणि शक्यतो दोन वेगळ्या माणसांकडे द्यावीत. संपादक प्रकरणांचा क्रम बघतो, तेच तेच पुन्हा आलं असेल तर काढायला सांगतो, तिसऱ्या प्रकरणातली धाकटी बहीण नवव्यात थोरली झाली असेल तर पकडतो. हे काम मजकूर तुमच्या टाइप केलेल्या फाइलमध्ये असतानाच व्हायला हवं. पानं लागल्यावर, म्हणजे मजकूर छापायच्या पानांत मांडून झाल्यावर, परिच्छेद हलवायला घेतले की डीटीपीवाल्याचं, म्हणजे ही पानं संगणकावर लावणाऱ्याचं, बिल वाढतं आणि नव्या चुका घुसतात. मुद्रितशोधकाचा आधार म्हणजे मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम, १९६२चे चौदा आणि १९७२चे चार. पण नियमांत न बसणारे निर्णय तुमचे असतात: निवेदनात ‘करणं’ की ‘करणे’, आकडे अंकात की अक्षरात, परदेशी नावं कशी लिहायची. हे सगळं एका कागदावर लिहून मुद्रितशोधकाला द्या. त्या कागदाशिवाय तो अर्ध्या पुस्तकात एक आणि अर्ध्यात दुसरं करतो, आणि त्यात त्याचा दोष नसतो.

दुसऱ्याची कविता किंवा गाणं प्रकरणाच्या माथ्यावर घालायचा मोह अनेकांना होतो. भारतात स्वामित्वहक्क (कॉपीराइट) लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून पुढची ६० वर्षं टिकतो. केशवसुत १९०५ साली गेले, त्यांच्या कविता खुल्या आहेत. कुसुमाग्रज १९९९ साली गेले, म्हणजे २०५९ अखेरपर्यंत परवानगी लागणार. परवानगी लेखी घ्या, आणि पानं लागण्याआधी घ्या.

आता अक्षरजुळणी. मराठी पुस्तकं सगळ्यात जास्त इथे बिघडतात, म्हणून इथे जरा थांबतो.

पहिली अट: मजकूर पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्ये हवा, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला संकेत असलेल्या पद्धतीत. अनेक डीटीपी केंद्रांत अजून श्री-लिपीसारख्या सॉफ्टवेअरच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टांत काम चालतं. त्या फाइलमध्ये खरं तर भलत्याच अक्षरांचे संकेत साठवलेले असतात, फॉन्ट त्यांना फक्त मराठी रूप देतो. कागदावर छापायला अडचण येत नाही. पण तीच फाइल ई-बुकसाठी दिली की नुसता कचरा दिसतो, आणि युनिकोडमध्ये रूपांतर केलं की जोडाक्षरं मोडतात. नेमकं काय मोडतं ते एका जोडीत दिसतं: ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या. रूपांतरात अर्ध्या ‘ऱ’चा पुष्कळदा रफार होतो आणि सह्याद्रीच्या दऱ्यांचा दर्या होऊन बसतो. स्पेलचेकर ही चूक पकडत नाही, कारण दोन्ही शब्द बरोबरच आहेत.

युनिकोडमध्येही एक खाच आहे. ‘ऱ्या’ दोन प्रकारे टाइप होतं: नुक्त्याच्या ‘ऱ’ने, किंवा साध्या ‘र’ला हलंत देऊन मध्ये न दिसणारा जोडक घालून. डोळ्यांना दोन्ही सारखंच दिसतं, पण शोधायला गेलात की एका प्रकाराचे शब्द सापडतात, दुसऱ्याचे नाहीत. ‘ॲ’चंही तेच: एक स्वतंत्र अक्षर, आणि एक ‘अ’वर चंद्र देऊन केलेलं. मजकूर संपादकाकडे जाण्याआधी शोधा-बदला वापरून सगळीकडे एकच प्रकार करून घ्या. नाहीतर पुढे पात्राचं नाव बदलायचं ठरलं तर निम्म्या ठिकाणी जुनंच राहील.

दुसरी अट फॉन्टची. मराठी वाचकाला पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ हवा असतो, राज्य सरकारच्या २००९च्या वर्णमालेतही तीच रूपं आहेत. संगणकाचे नेहमीचे देवनागरी फॉन्ट हिंदी वळणाची रूपं देतात. काही फॉन्टांत दोन्ही असतात, पण सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा ‘मराठी’ निवडलेली नसेल तर हिंदीच छापली जातात. राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा आणि त्यावरून आयआयटी मुंबईने केलेला शोभिका हे दोन फॉन्ट मोफत आहेत आणि पुस्तकाच्या मजकुराला चांगले शोभतात. इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये काम होणार असेल तर परिच्छेदासाठी वर्ल्ड-रेडी कंपोझर ही सोय चालू आहे ना, ते विचारा. तो बंद असला की पहिली वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर जाऊन बसते.

डीटीपीवाला निवडताना त्याला आगाऊ रक्कम देण्याआधी ही एक ओळ लावून कागदावर छापून मागा:

ऱ्हस्व, दऱ्या, दर्या, वाङ्मय, क्लृप्ती, शल्य, हृदय, ॲडव्होकेट, ऑगस्ट, तऱ्हा, मूर्तीं

‘वाङ्मय’चं ‘वाड्मय’ झालेलं असेल, ‘मूर्तीं’वरचा रफार, वेलांटी आणि अनुस्वार एकमेकांवर चढले असतील किंवा ‘क्लृप्ती’चा खालचा भाग पुढच्या ओळीला टेकत असेल, तर दुसरीकडे जा. देवनागरीला वर मात्रा-रफार आणि खाली उकार असल्यामुळे ओळींमध्ये मोकळी जागा जास्त लागते. डेमी आकाराला (साडेपाच बाय साडेआठ इंच) १२ ते १३ पॉइंट अक्षर आणि त्याला सुमारे १८ पॉइंट अंतर, इथून सुरुवात करा. पानं वाचवायला हे अंतर कमी करू नका. बांधणीच्या बाजूचा समास किमान २० मिलिमीटर ठेवा, कारण पर्फेक्ट बाइंडिंगचं, म्हणजे कण्याला गोंदाने चिकटवलेलं, पुस्तक सपाट उघडत नाही आणि आतल्या टोकाचे शब्द दुमडीत जातात.

प्रूफं, म्हणजे लागलेल्या पानांचे तपासायचे छाप, किमान दोनदा वाचायची, तीही कागदावर. दुसऱ्या वाचनात एक नेम पाळा: दुरुस्त केलेला शब्दच नाही, तर तो परिच्छेद शेवटपर्यंत वाचा. एक शब्द वाढला की ओळी सरकतात, शेवटची ओळ पुढच्या पानावर एकटी जाते. अनुक्रमणिकेतले पानांचे आकडे सगळ्यात शेवटी भरा, आणि भरल्यावर एकेक पान उघडून जुळवा. छायाचित्रं असतील तर मूळ फाइलच द्या. व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून आलेलं चित्र आक्रसलेलं असतं आणि छापल्यावर धुरकट येतं. ठेवायच्या आकारात इंचाला ३०० ठिपके हवेत.

काम संपल्यावर छपाईची पीडीएफ, सोबत मूळ खुली (बदल करता येणारी) फाइल आणि वापरलेले फॉन्ट तुमच्याकडे आले पाहिजेत. हे दर ठरवतानाच बोलून घ्या. नंतर मागितलं तर कुरकुर होते.

आता कागद. डेमी म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंच, कथा-कादंबरी-ललितासाठी सर्वांत रुळलेला आकार. हिशेब फर्म्यात होतो, एक फर्मा १६ पानांचा. २३ बाय ३६ इंचाच्या एका मोठ्या कागदातून डेमीची ३२ पानं, म्हणजे दोन फर्मे निघतात. १६० पानांचं पुस्तक म्हणजे दहा फर्मे, प्रतीला पाच कागद. ५०० प्रतींना अडीच हजार कागद, म्हणजे पाच रीम. ७० जीएसएमच्या (चौरस मीटरला ७० ग्रॅम) या आकाराच्या रीमचं वजन सुमारे १८.६ किलो भरतं, म्हणजे ९३ किलो कागद, अधिक नासधूस. कागद किलोवर विकला जातो, तेव्हा बाजारातला दर विचारून कोटेशनमधला कागदाचा आकडा तुम्ही स्वतः तपासू शकता. १६३ पानं झाली असतील तर तीन पानांसाठी नवा फर्मा चढवू नका, संपादकाबरोबर बसून तीन पानं कमी करा.

मजकुराला ७० जीएसएम मॅपलिथो हा छपाईचा साधा पांढरा कागद पुरतो. नॅचरल शेडचा, किंचित पिवळसर, फुगीर कागद डोळ्यांना बरा, पण त्याने कणा जाड होतो. साध्या कागदात १६० पानांचा कणा साधारण सात मिलिमीटर, फुगीर कागदात त्याहून जास्त. म्हणून मुखपृष्ठ कणा-मलपृष्ठासकट पक्कं करण्याआधी छापखान्याकडून त्याच कागदाची कोरी डमी (न छापलेली नमुना प्रत) बांधून घ्या आणि पट्टीने मोजा. दोन मिलिमीटरचा फरक पडला तर कण्यावरचं नाव मुखपृष्ठावर घसरतं. मुखपृष्ठाला चारी बाजूंनी तीन मिलिमीटर ब्लीड, म्हणजे नंतर कापली जाणारी जादा छपाई, ठेवा.

दोनशे-अडीचशे प्रतींपर्यंत डिजिटल छपाई परवडते, पाचशेच्या पुढे प्लेटवरून होणारी ऑफसेट. मधल्या आकड्यांना दोन्हीचे दर मागवा. पहिल्या पुस्तकासाठी मी दोनशेच सुचवेन, जोवर पाचशेंची ठिकाणं कागदावर लिहून दाखवता येत नाहीत.

किंमत ठरवताना काय होतं ते बघा. समजा, ५०० प्रतींची छपाई-बांधणी ४५,००० रुपये आणि संपादन, मुद्रितशोधन, मांडणी, मुखपृष्ठ मिळून ३५,०००. एकूण ८०,०००. पन्नास प्रती भेट, अभिप्राय आणि पुरस्कारांसाठी जातात, म्हणून भागाकार ४५० ने: प्रतीला १७८ रुपये. छापील किंमत ३०० ठेवली आणि दुकानाला ३५ टक्के सूट दिली तर हाती १९५, शिल्लक १७. वाचकाला थेट २४०ला दिलं, वेष्टन-टपालाचे ५० वजा केले, तर १९०, शिल्लक १२. वितरकाने ५० टक्के मागितले तर १५०, म्हणजे प्रत्येक प्रतीला २८ रुपये तोटा. नवा लेखक बहुधा छपाईचे ९० रुपयेच खर्च समजतो आणि किंमत २०० ठेवतो. दुसऱ्या आवृत्तीला ते ३५,००० पुन्हा लागत नाहीत, कमाई होते ती तिथे. म्हणूनच ती खुली फाइल हातात हवी. छापील पुस्तकांच्या विक्रीवर जीएसटी नाही.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, फुकट मिळतो. शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतली राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सी तो देते, अर्ज ऑनलाइन करायचा, आणि लेखक स्वतःच्या नावाने करू शकतो. त्यासाठी पैसे मागणाऱ्या मध्यस्थाची गरज नाही. अर्ज पानं लागत असतानाच करा, क्रमांक यायला वेळ लागू शकतो. कागदी बांधणी, पुठ्ठा बांधणी आणि ई-बुक यांना वेगवेगळे क्रमांक लागतात. नुसत्या पुनर्मुद्रणाला जुनाच चालतो, सुधारित आवृत्तीला नवा. कॉपीराइट मात्र लिहिल्याक्षणीच तुमचा असतो, नोंदणी ऐच्छिक आहे.

पैसे घेऊन सगळं करून देणाऱ्या ‘पॅकेज’ कंपनीकडे जाणार असाल तर तीन गोष्टी लेखी घ्या: आयएसबीएन कुणाच्या नावावर, हक्क किती मुदतीसाठी, आणि खुली फाइल मिळणार का. करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायद्याने ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारत. ‘कायमस्वरूपी’ आणि ‘सर्व माध्यमांत’ हे शब्द दिसले तर सही करू नका.

श्रेयपानावर ‘प्रथम आवृत्ती’ आणि साल स्पष्ट छापा. राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांत प्रथम प्रकाशनासाठी वेगळे पुरस्कार आहेत, कवितेला बहिणाबाई चौधरींच्या नावाचा, कादंबरीला श्री. ना. पेंडसेंच्या. प्रवेश प्रकाशनवर्षानुसार घेतले जातात. शासनमान्य ग्रंथांच्या यादीसाठी मुंबईच्या नगर भवनातलं ग्रंथालय संचालनालय दरवर्षी पुस्तकं मागवतं. या यादीत नाव आलं की सार्वजनिक ग्रंथालयांकडून मागणीची शक्यता वाढते. १९५४च्या कायद्यानुसार प्रकाशनापासून ३० दिवसांत स्वखर्चाने चार प्रती पाठवायच्या असतात: कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईचं राज्य मध्यवर्ती ग्रंथालय, चेन्नईचं कॉनेमारा ग्रंथालय आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी. भेटप्रतींत या चार आधीच धरा.

ई-बुकसाठी ॲमेझॉनच्या किंडलवर मराठी चालते. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के मानधन हवं असेल तर केडीपी सिलेक्ट या त्यांच्या योजनेत जावं लागतं. तेव्हा ९० दिवस ते ई-बुक दुसरीकडे कुठेही ठेवता येत नाही, छापील प्रती विकायला मात्र हरकत नसते.

पुण्यात अप्पा बळवंत चौकात किंवा मुंबईत दादरला दुकानदाराकडे प्रती ठेवाल तेव्हा पाच-दहाच ठेवा, आणि दुप्रती चलनावर (प्रती दिल्याच्या पावतीवर) सही घ्या. चलनात प्रतींची संख्या, सवलतीचा टक्का, तारीख आणि न विकलेल्या प्रती परत कधी घ्यायच्या हे लिहा. दर तीन महिन्यांनी स्वतः जाऊन हिशेब करा, फोनवर तो पुढे ढकलला जातो. परत आलेल्या प्रती वेगळ्या ठेवा. कोपरे दबलेल्या असतील तर भेटीसाठी वापरा, चांगल्या असतील तर पुढच्या दुकानाच्या चलनावर चढवा.