टाकी कशाला, असं तुम्ही विचारलंत म्हणून

दुचाकींच्या डिझाइनचं काम करतो म्हटलं की पुढचा प्रश्न हमखास येतो: "इलेक्ट्रिक मोटारसायकलमध्ये पेट्रोलच नाही, मग टाकी कशाला? काहीतरी वेगळं करा की!"

टाकी ही निव्वळ जुनी खोड नाही. करकचून ब्रेक दाबला की आपण गुडघ्यांनी टाकी आवळतो, म्हणून अंग पुढे घसरत नाही. आत पेट्रोल नसलं तरी तो फुगवटा कामाचा आहे. पण तुमचा खरा प्रश्न 'वेगळं' याबद्दलचा आहे. लोक त्यासाठी फिनलंडच्या 'व्हर्ज'चा फोटो दाखवतात: मागचं चाक मधून आरपार पोकळ, मोटर रिंगणातच. दिसायला जबरदस्त! मला मात्र पटत नाही. स्प्रिंगच्या खालचं, म्हणजे चाकाचं आणि त्याला जोडलेल्या भागांचं, वजन जितकं जास्त, तितकं चाक खड्ड्यात आपटतं. तिथेच मोटर लटकवायची म्हणजे फोटोसाठी कंबर मोडून घेणं.

माझं म्हणणं असं, की आधी वाऱ्याचा विचार करा, कारण बॅटरीत ऊर्जा मुळातच कमी असते. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण नऊ युनिट (विजेच्या बिलावरचं तेच युनिट) ऊर्जा असते. बारा लिटरची टाकी म्हणजे शंभराच्या वर युनिट. इंजिनाने त्यातली तीन चतुर्थांश उष्णता म्हणून उधळली तरी पंचवीसेक हाती उरतात. बंगळुरूच्या 'अल्ट्राव्हायोलेट एफ७७'ची मोठी बॅटरी 10.3 युनिटची आहे. मोटर कितीही काटकसरी असली तरी मुळात शिदोरीच लहान. त्यात वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा विरोध चौपट. गावात हे जाणवत नाही, पण हायवेवर ऐंशी-नव्वदच्या पुढे बॅटरी वाराच खातो. आणि ताठ बसलेला स्वार हा वाऱ्याच्या दृष्टीने सगळ्यात वाईट आकार.

याचं उत्तर जुनं आहे. जर्मनीत 1950 च्या दशकात गुस्ताव बाउम यांनी 'एनएसयू' या मोटारसायकल कंपनीसाठी एक गाडी रेखाटली. स्वार पाय पुढे करून जवळजवळ आडवा, भोवती माशासारखं कवच. 1956 मध्ये अमेरिकेतल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या सपाट मैदानावर तशाच गाडीने फक्त 125 सीसीवर ताशी 240 किलोमीटरचा टप्पा ओलांडला. तरी हा आकार रस्त्यावर रुळला नाही. शर्यतींमध्ये तर पुढचं चाक झाकणाऱ्या कवचांवर 1957 च्या हंगामानंतर बंदीच आली, कारण आडव्या वाऱ्यात ही कवचं गाडी भरकटवत. स्वित्झर्लंडच्या 'पेरावेस' कंपनीने मात्र चिकाटी सोडली नाही. त्यांच्या बंद, दोघांच्या विजेवरच्या मोटारसायकलने 2010 मध्ये अमेरिकेतल्या काटकसरी वाहनांच्या एक्स प्राइझ स्पर्धेत 25 लाख डॉलर जिंकले. सिग्नलला थांबली की तिची दोन छोटी चाकं बाजूला खाली येतात, कारण आतून पाय टेकवणार कसा?

आपल्याकडे ही चालेल का? अशीच्या अशी नाही. इतक्या खाली बसलेला माणूस ट्रकवाल्याला दिसायचा नाही. खंबाटकीत शेजारून एसटी सुसाट गेली की कवचाला जो हिसका बसेल, तो वेगळाच. मे महिन्यात आत उकडून निघाल ते निराळंच. (एक्सप्रेसवेवर दुचाकीला बंदी असल्याने जिथे ही खरी कामाला येईल तो रस्ताही हातचा गेला.)

म्हणून मी स्कूटरकडे वळतो. व्हेस्पा आखणारे कोराडिनो दास्कानिओ मूळचे विमानांचे इंजिनिअर; त्यांना मोटारसायकल आवडायचीच नाही. त्यांनी 1946 मध्ये इंजिन मागे नेलं, पायांपुढे ढाल दिली, मधे सपाट जागा सोडली. त्या जागेत आपण सिलिंडरपासून तांदळाच्या कट्ट्यापर्यंत सगळं नेलं. बॅटरी या सपाट जागेखाली गेली की वजन खाली राहतं, आसन चार बोटं उतरवता येतं, पाय थोडे पुढे सरकतात. उरते मागची बाजू. वारा गाडीपासून फाटून तिला मागे खेचतो तो तिथे, त्यामुळे निमुळती, लांब शेपटी हवी; तीच डिकीही होईल.

अडचण मागे बसणाऱ्याची आहे. शेपटी सुरू होते तिथेच तो बसतो, आणि साडी नेसून एका बाजूला बसायचं असेल तर माझं सगळं गणित कोसळतं. त्याला पुढे घ्यावं तर गाडी लांबते आणि पेठेतल्या बोळात वळत नाही. सध्या मी शेपटी घडी घालून मिटणारी करून बघतोय, पण त्या बिजागऱ्या खडखडणार नाहीत याची खात्री अजून मलाच नाही.